हाताखालचा हात

“वरून धरू नका, आप्पा. हात खालून द्या.”

मुजावर बाईंनी हे वाक्य त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा उच्चारले, तेव्हा माझ्या उजव्या अंगठ्यातून रक्त येत होते. बिरूने मला चावा घेतला होता. मी त्याचे मनगट धरून त्याला सभागृहातील लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर चढवू पाहत होतो, आणि तो गुडघे मोडून, सर्व भार जमिनीवर टाकून बसला होता.

“खालून हात दिला तर हा येनार कसा? पळून जाईल की, बाई.”

“जाऊ दे. परत येईल. तुमचा हात त्याच्या हाताखाली असला, तर नको वाटेल तेव्हा त्याला हात उचलून घेता येतो. वरून धरलं की तो अडकतो. तुम्हाला कुणी अंधारात मनगट धरून ओढलं, तर तुम्ही काय कराल?”

“मीबी चावंन,” मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले आणि म्हणाल्या, “जा, अंगठा धुऊन या. मग पुन्हा सुरू करू.”

या प्रसंगास आता अठ्ठावीस वर्षे होऊन गेली. तालुक्याच्या गावी, रेल्वे फाटकाच्या पलीकडे अंध मुलांची एक निवासी शाळा होती आणि तिथे मी रोजंदारीवर शिपाई होतो. झाडणे, पाणी भरणे, घंटा देणे, आजारी मुलांना दवाखान्यात नेणे ही माझी कामे होत. संध्याकाळी मुलांना पुस्तके वाचून दाखवणे हे काम मी आपण होऊन अंगावर घेतले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. आज मी ज्या भाषेत लिहीत आहे ती मला त्या पुस्तकांनी दिली. एखादा शब्द अडला की मुले मला थांबवून अर्थ विचारीत, आणि पुष्कळदा तो मलाही ठाऊक नसे.

बिरू मात्र त्या वाचनाला कधी नसायचा. तो नऊ वर्षांचा होता. त्याला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते.

त्याची आई म्हाकूबाई त्याला घेऊन आली तो दिवस मला आठवतो. ती धनगराची बायको. वर्षाचे आठ महिने मेंढरांमागे चालण्यात जात. मुलाच्या कमरेला दोर होता आणि त्याचे दुसरे टोक तिच्या मुठीत होते. मुख्याध्यापक बिरनाळे सरांच्या टेबलासमोर ती उभी राहिली, तेव्हाही तिने ते सोडले नाही.

“बाई, याला दोर कशाला?” सरांनी विचारले.

“तर काय करू, गुरुजी? बिऱ्हाड हालतंय रोज. ह्यो हितं बसीव तर तितं जातोय. गेल्या साली विहिरीच्या काठावर गावला. जित्राबाला बांधत्यात तसा झाडाला बांधून ठेवती मी ह्याला. माझ्या पोटचा हाय, मला काय हौस हाय व्हय?”

सर कठोर मनाचे नव्हते. परंतु शाळा अंधांची होती आणि तिथले सर्व शिक्षण कानावर उभे होते. ज्याला ऐकू येत नाही त्याला काय शिकवावे आणि कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. संस्थेने अखेर एक तोड काढली. मुलाला दिवाळीपर्यंत ठेवून घ्यावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी संस्थेचे सचिव आणि डॉक्टर येऊन त्याला पाहतील. तो काही शिकू शकतो असे दिसले तर राहील. नाही दिसले, तर म्हाकूबाईने येऊन त्याला घेऊन जावे.

तिने जाताना दोर माझ्याकडे दिला. “असू द्या, लागंल,” असे म्हणाली. मी तो भांडारात खिळ्याला टांगला. पुढे तीन महिने झाडू घेण्यासाठी मी जेव्हा जेव्हा भांडारात जात असे, तेव्हा तेव्हा तो मला दिसे.

मुजावर बाई शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका म्हणून दोन वर्षांच्या नेमणुकीवर आल्या होत्या. मुंबईस त्यांनी एक निराळे शिक्षण घेतले होते. न दिसणाऱ्या मुलांना शरीराच्या हालचालींतून जग कसे दाखवावे, याचे ते शिक्षण होते. बाई त्याला नृत्य म्हणत. सर त्याला नाच म्हणत, आणि स्वयंपाकीण सोनाबाई त्याला “बाईंचं ते उड्या मारणं” म्हणे. दिवसभर चाळीस मुलांची कवायत घेऊन झाल्यावर बाई बिरूसाठी उभ्या राहत. त्यांचा आवाज बसलेला असे. तसेही बिरूसाठी आवाज लागत नव्हताच.

शिकवण्याची रीत अशी होती. चौथऱ्यावर मी पुढे उभा राहायचो. बिरूचे दोन्ही तळहात माझ्या पाठीवर, खांद्यावर, कमरेवर असत. मी खाली वाकलो की त्याला ते हाताला कळे. मी पाय आपटला की फळ्यांतून त्याच्या तळपायांना कळे. बाई त्याच्या मागे असत, त्यांचे हात त्याच्या हातांखाली. जड म्हणजे काय, हलके म्हणजे काय, जवळ आणि लांब म्हणजे काय, हे सर्व माझ्या अंगावरून त्याने वाचायचे आणि मग आपल्या अंगाने करून पाहायचे. शेवटी बाई त्याच्या छातीवर बोटांनी दोनदा टकटक करीत. त्याचा अर्थ, आता तुझी पाळी, आता तुझ्या मनातले कर.

त्या दोन टकटकींवर बिरू काहीही करत नसे. तो जागच्या जागी डुलत राही. शिकवलेले तो करी, वाकणे, उठणे, हात पसरणे. परंतु स्वतःचे असे काही नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. रोज संध्याकाळी दोन टकटकी, आणि रोज ते डुलणे.

“त्याला कळत न्हाई, बाई,” एकदा मी म्हणालो.

“कळतं. त्याला आजवर कुणी पाळी दिलेली नाही, म्हणून ती घ्यायची कशी ते माहीत नाही.” मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “किंवा कळत नसेलही. मला आता काही सांगता येत नाही, आप्पा.”

इथे मला माझ्या डाव्या गुडघ्याविषयी लिहिणे भाग आहे. या घटनेपूर्वी सहा वर्षे, पाण्याच्या टाकीची नळी तुंबली होती ती मोकळी करताना मी शिडीवरून घसरलो होतो. गुडघ्यात काहीतरी सरकले आणि ते पुन्हा जागेवर आले नाही. मी कुणास सांगितले नाही. त्याचे कारण साधे होते. रोजंदारीच्या माणसास कायम करायचे झाले, तर डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागे, आणि लंगड्या शिपायास तो मिळत नसे. म्हणून डोळस माणसासमोर मी सरळ चालत असे. बिरनाळे सर, सोनाबाई, मुजावर बाई यांच्यासमोर दात आवळून पावले सारखी टाकायची. मुलांसमोर मात्र तशी गरज नव्हती. अंधांच्या शाळेत नोकरी मिळाली हे माझ्या गुडघ्याचे मोठेच भाग्य होते, असे मी मनाशी म्हणत असे, आणि ते म्हणताना मला लाजही वाटत असे.

मी समजत होतो तितके हे गुपित पक्के नव्हते. चौथीतील वनिता नावाच्या मुलीने मला एकदा हौदापाशी गाठले.

“आप्पामामा, सर जवळ असले की तुमच्या चपला वेगळ्या वाजतात.”

“कशा वेगळ्या?”

“आता वाजतात तशा, टप् आणि फर्र. टप् आणि फर्र. सर आले की टप् टप्. तुम्ही सरांना भिता?”

“व्हय, भितो. कुनाला सांगू नगंस.”

“सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली आणि चूळ भरून निघून गेली.

बाई घरी गेल्यावर बिरूला चौथऱ्यावरून जेवणघरात नेण्याचे काम माझे. मी पुढे, त्याचा तळहात माझ्या पाठीवर किंवा कमरेवर. तो लांब व्हरांडा चालून जाताना मी पाय मोकळा सोडीत असे. तीन पावले टाकायची, थांबायचे, भिंतीला एक हात लावायचा, दुसऱ्या हाताने गुडघा दोनदा दाबायचा, तोंडाने श्वास सोडायचा आणि पुन्हा तीन पावले. बिरू माझ्याबरोबर थांबे आणि माझ्याबरोबर निघे. त्याचा मला कधी संकोच वाटला नाही. कुणी पाहत नव्हते.

ऑक्टोबरमध्ये बिरनाळे सरांनी मला कचेरीत बोलावले.

“आप्पासो, तुमचं नाव कायमसाठी घातलंय. मूळचा शिपाई निवृत्त झाला, ती जागा आहे. डॉक्टर त्या बिरूला बघायला येणारच आहेत. त्याच दिवशी तुमच्या दाखल्यावर सही करून घेऊ. काही तपासायचे नाहीत. चालता-फिरता माणूस दिसला म्हणजे झालं.”

“उपकार झाले, सर.”

“उपकार कसले? अकरा वर्षं राबताय. त्या दिवशी जरा इस्त्रीचे कपडे घाला.”

मी इस्त्रीचे कपडे घातले. सचिव आणि डॉक्टर दुपारी जीपमधून आले. सचिव वयस्क, अबोल गृहस्थ होते. डॉक्टर केळुसकर हसतमुख होते, परंतु त्यांना पुढे आणखी एका गावी जायचे होते. म्हाकूबाईस निरोप गेला होता, त्याप्रमाणे ती आली होती आणि सभागृहाच्या दाराशी बसली होती. आल्याबरोबर तिने मला विचारले, “दोर हाय न्हवं?”

“हाय,” मी म्हणालो.

चौथऱ्यावर बाई आणि बिरू उभे राहिले. त्या दिवशी मी पुढे उभा राहायचे नाही, असे बाईंनीच ठरवले होते. दुसऱ्याच्या आधाराशिवाय त्याला येते, हे दाखवायचे होते. मी चहाचे तबक घेऊन दारापाशी थांबलो. बाईंचे हात बिरूच्या हातांखाली गेले. तो वाकला, उठला, हात पसरून हलका झाला, मग धप्पकन जड झाला. माझ्या दृष्टीने त्याने ते चांगले केले.

“छान आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण बाई, खरं सांगा, हे तुम्ही हलवताय आणि तो हलतोय. यात त्याचं काय?”

बाईंनी आपले हात काढून घेतले. त्यांनी त्याच्या छातीवर दोनदा टकटक केली आणि त्या चार पावले मागे सरल्या.

बिरू डुलू लागला. सचिवांनी घड्याळाकडे पाहिले. बिरनाळे सर जमिनीकडे पाहत होते. डुलणे चालूच राहिले, इतके की मी तबकातील कपांकडे पाहू लागलो आणि चहावर साय धरत असलेली मला दिसली.

मग फळ्यांवर आवाज झाला. टप् आणि फर्र.

मी वर पाहिले. बिरू चालत होता. त्याने उजवा पाय टाकला आणि डावा ओढला. तीन पावलांवर तो थांबला. तिथे भिंत नव्हती, तरी त्याने एक हात बाजूला नेऊन भिंत असावी तसा हवेत ठेवला. दुसरा हात डाव्या गुडघ्यावर गेला, दोनदा दाबला गेला, आणि त्याने गाल फुगवून श्वास सोडला. मग पुन्हा तीन पावले. चौथऱ्याच्या कडेपर्यंत जाऊन तो वळला आणि तसाच परत आला.



“याच्या पायाला काय झालंय?” सचिवांनी विचारले.

डॉक्टरांनी उठून बिरूचा गुडघा वाकवून पाहिला. “पाय चांगला आहे. बाई, तुम्ही शिकवलंत हे?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग हे असंच आहे. अशा मुलांच्या शरीराला काही सवयी लागतात. कुणी डुलतं, कुणी हात हलवतं. त्याला अर्थ नसतो.”

“अर्थ आहे. त्याने हे कुणाकडून तरी घेतलंय.”

“कुणाकडून?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. तेव्हा मला समजले की त्यांना माझा गुडघा ठाऊक होता, आणि तो फार दिवसांपासून ठाऊक असावा. त्यांनी लगेच दृष्टी काढून घेतली.

“ते मला सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मग आम्ही तरी काय लिहायचं?” डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. “बाई, तुम्ही मेहनत केलीत. पण मूल शिकतंय की नुसतं हलतंय, हे कळायला काहीतरी धागा पाहिजे.”

दाराशी म्हाकूबाई उठून उभी राहिली. तिला बोलण्यातले सर्व समजले नसेल, परंतु शेवट समजला होता. ती पदर खोचत हळू आवाजात मला म्हणाली, “द्या तो दोर. एस्टीची येळ झाली.”

मी तबक खाली ठेवले. त्या वेळी माझ्या मनात काही थोर विचार आले, असे लिहिले तर ते खोटे होईल. मी फक्त दमलो होतो. सहा वर्षे मी पावले मोजत होतो, आणि सकाळपासून त्या इस्त्रीच्या कपड्यांत उभा राहून गुडघा सुजून आला होता.

“साहेब,” मी म्हणालो, “ते माझं चालनं हाय.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. बिरनाळे सर म्हणाले, “आप्पासो, काय बोलताय तुम्ही? तुम्ही तर नीट चालता.”

“न्हाई, सर.”

मी चौथऱ्यावर चढलो आणि चालून दाखवले. उजवा टाकला, डावा ओढला. पण इथे मला माझा एक कमीपणा सांगितला पाहिजे. ते चालतानाही मी काटकसर केली. पाय ओढून दाखवला, परंतु थांबलो नाही, भिंत धरल्यासारखे केले नाही, गुडघा दाबला नाही. वाटले, इतके पुरे होईल. थोडासा लंगडा शिपाई कदाचित खपून जाईल.

“साधारण तसंच दिसतंय,” डॉक्टर विचार करीत म्हणाले. “पण लंगडं चालणं सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. आणि खरं सांगू का, आप्पासो, त्या पोरासाठी तुम्ही आत्ता मुद्दाम लंगडलात, असंही कुणी म्हणेल.”

मी तिथेच उभा राहिलो.

माझी पावले फळ्यांतून बिरूच्या तळपायांना पोहोचली असली पाहिजेत. तो चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून तो हात पुढे करून सरळ माझ्याकडे आला. त्याचा तळहात माझ्या पाठीला लागला, तिथून कमरेवर उतरला, आणि तो रोजच्यासारखा माझ्या मागे उभा राहिला. जेवणाची वेळ झाली, असे त्याला वाटले असावे. मी चालू लागलो. दुसरे काय करावे हे मला सुचले नाही.

एक पाऊल, दोन, तीन. मी थांबलो नाही. चौथे टाकले.

बिरू थांबला. त्याने माझा सदरा मुठीत धरून मला मागे खेचले. मी थांबलो. तो माझ्या कडेने पुढे आला, त्याने माझा खांदा चाचपला, दंड, कोपर, मनगट, आणि माझा हात कुठे आहे ते शोधून काढले. तो मांडीजवळ लोंबत होता. आता हा मनगट धरून ओढणार, असे मला वाटले, कारण मी त्याला तसेच ओढले होते.

त्याने धरले नाही. त्याचा लहानसा तळहात माझ्या तळहाताखाली सरकला. माझा हात त्याच्या हातावर नुसता ठेवलेला होता, मला नको असता तर मी उचलून घेऊ शकलो असतो. त्याने तो हळूहळू खाली नेला आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.

मग त्याने आपला हात काढून घेतला, वर चाचपत माझ्या छातीपर्यंत आला, आणि दोन बोटांनी दोनदा टकटक केली.

मी वाकलो. गुडघा दाबला, एकदा, पुन्हा एकदा, आणि तोंडाने श्वास सोडला. बिरूचा हात माझ्या गालावर होता. गाल फुगला की नाही, ते तो पाहत होता.

मुजावर बाई चौथऱ्याच्या कडेला बसल्या. त्यांनी ओढणीने तोंड पुसले आणि त्या तशाच बसून राहिल्या.

डॉक्टर पुष्कळ वेळ बिरूच्या हातांकडे पाहत होते. शेवटी ते सचिवांना म्हणाले, “हे मूल शिकतंय. आपल्याला कसं शिकवायचं ते माहीत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. याला राहू द्या.” सचिवांनी मान हलवली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बदलला नव्हता, तसाच सौम्य होता.

“गुडघा किती वर्षं आहे असा?”

“सहा.”

“दाखवायला हवा होता.”

“व्हय.”

बिरनाळे सर माझ्या दाखल्याचा कागद हातात घेऊन आले होते. त्यांनी त्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. डॉक्टरांना त्यांनी तो दाखवला नाही, आणि डॉक्टरांनी मागितलाही नाही.

मी भांडारात जाऊन खिळ्यावरून दोर काढला आणि म्हाकूबाईस दिला. झाले ते मी तिला दोनदा समजावून सांगितले. तिने तो दोर मनगटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “मेंढराला हुईल,” असे ती म्हणाली. मग ती चौथऱ्यापाशी गेली. बिरूने तिचा हात हुंगला, तिच्या बांगड्या मोजल्यासारख्या चाचपल्या. ती त्याला धरायला गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, “खालून, आई. हात खालून द्या.”

शिपायाची ती कायमची जागा पुढे दुसऱ्या माणसास मिळाली. तो भला माणूस होता, माझी त्याच्याविषयी तक्रार नाही. बाई त्यांची दोन वर्षे संपल्यावर गेल्या. बिरू सात वर्षे राहिला, बोटांनी बोलायला शिकला, आणि आज तो त्याच गावात खुर्च्यांना वेत विणतो. मी आणखी नऊ वर्षे रोजंदारीवरच राहिलो. संध्याकाळी पुस्तके वाचीत असे, आणि सकाळी फळ्यांवर मुलांपुढे उभा राहत असे.

त्या दिवशी संध्याकाळी, पाहुण्यांची जीप गेल्यावर, मी व्हरांड्यातून घंटा द्यायला चाललो होतो. बिरनाळे सर कचेरीच्या दारात उभे होते. त्यांना ओलांडून मी पाय ओढतच पुढे गेलो. हौदापाशी वनिता तोंड धूत होती. तिने मान वळवून कान दिला.

“आप्पामामा, सर गेले का?”

“न्हाई. हितंच हायेत.”

तिने पुन्हा तोंडावर पाणी मारले.

“बरं,” ती म्हणाली.

मी तीन पावले टाकली, भिंतीला हात लावून थांबलो, आणि मग घंटेकडे गेलो.